भाजणीला नाव ठेवताना
(प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते ऑगस्ट २०२५)

१२ जून २०२४, बुधवार, चिपळूण

ही वही आजपासून. भाचा म्हणाला, मामी, लॅपटॉपवर शीट कर. पण बारा वर्षं पतसंस्थेच्या काउंटरवर काढल्यावर मला हाताने लिहिलेल्याचाच भरवसा वाटतो.

आई (म्हणजे सासूबाई) २०१० पासून लोकांना भाजणी करून देतात. साधी प्लास्टिकची पिशवी, वर स्टेपलर, आत वहीचा कागद फाडून चिठ्ठी : ‘थालीपीठ, १ किलो’. मुंबईची गिऱ्हाइकं ‘काकूंची भाजणी’ म्हणतात, तेवढंच काय ते नाव. आता डोंबिवलीचे दोन दुकानदार ठेवायला तयार आहेत, पण म्हणतात की पाकिटावर नाव पाहिजे, लायसन्स नंबर पाहिजे.

माल तीनच : थालीपीठ भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ. मुदत गणपती, म्हणजे ७ सप्टेंबर. चक्कीवाला, पाउच, वजनकाटा हे सगळं नवऱ्याकडे. नावाचं काम माझ्याकडे आलं, कारण सगळ्यांना वाटलं ते सगळ्यात सोपं आहे.

१५ जून, शनिवार

रात्री जेवणं झाल्यावर नावांची बैठक. ताई (नणंद) डोंबिवलीहून फोनवर, तो स्पीकरला लावून लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला.

आईंनी सुरुवातीलाच ‘अन्नपूर्णा’ सांगितलं. त्या नावाचा आटा आणि मीठ आपण सगळ्यांनी दुकानात पाहिलंय, म्हणून गेलं. नवऱ्याचं ‘वाशिष्ठी’. नदी आपली, पण त्या नावाची दूध डेअरी इथेच आहे. दूध आणि भाजणी वेगळी, हे खरं. पण चिपळुणात बसून तेच नाव घ्यायचं आणि उद्या लोकांनी विचारायचं, “डेअरीवाल्यांनी पिठं पण काढली का?” नको. भावजींचं ‘शिवराय’. ताईचं ‘कोकण मेवा’. भाच्याचं काहीतरी इंग्रजी होतं, ते मी मुद्दाम लिहीत नाही.

आपलं आडनावच लावा, असंही निघालं. या आडनावाची घरं तालुक्यात शेकड्याने आहेत, त्यातली निम्मी कधी ना कधी पापड-लोणची विकतात. माणसाने आपलंच नाव प्रामाणिकपणे आपल्या धंद्याला लावलं तर कायदा त्याला अडवत नाही. म्हणजे आडनावाचं कुंपण असं की शेजारी कधीही गेट उघडून आत येणार.

‘कोकण मेवा’ला सगळ्यात जास्त मतं. मलाही आवडलं.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. उपास, त्यात लाईट दोनदा गेली. तरी ट्रेडमार्कच्या (म्हणजे मालाच्या नावावरचा नोंदलेला हक्क) सरकारी साइटवर पहिला शोध केला. पैसे लागत नाहीत, कुणालाही पाहता येतं. चित्रातली वाकडी अक्षरं ओळखून टाकायची, मग शब्द टाकायचा आणि वर्ग टाकायचा.

हा वर्ग म्हणजे मालाचा प्रकार. एकूण ४५ आहेत, पहिले ३४ मालाचे आणि पुढचे सेवांचे. पिठं, मसाले, चहा, बिस्किटं ३० मध्ये. लोणची, सुकवलेली फळं २९ मध्ये. सरबतं ३२ मध्ये. म्हणजे उद्या आपण कोकम सरबत काढलं तर ते भाजणीच्या नोंदणीत येणार नाही, वेगळा अर्ज, वेगळी फी. आमसुलं पुन्हा तिसरीकडे.

शोध तीन तऱ्हेने होतो : शब्द, उच्चार आणि चित्र. चित्रांना व्हिएन्ना कोड म्हणून आकडे आहेत, माणूस, झाड, भांडं, प्रत्येकाला आपला. शब्दाच्या शोधात ‘ने सुरू होणारे’ असा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो बदलून ‘असलेले’ केल्यावर यादी एकदम लांबली. पहिल्या शोधावर खूश होऊन उठले असते तर फसले असते.

‘कोकण’ टाकलं. पानंच्या पानं. काही ‘रजिस्टर्ड’, काही ‘ऑब्जेक्टेड’, काही ‘अबँडन्ड’, म्हणजे अर्ज करून मधेच सोडून दिलेले. सोडलेले खूप.

२८ जून, शुक्रवार

रत्नागिरीच्या एका वकीलबाईंकडे गेले. ट्रेडमार्कचंच काम करतात. त्याआधी इथल्या एका एजंटने फोनवर सांगितलं होतं, “थोडे जास्त द्या, पंधरा दिवसांत रजिस्टर करून देतो.” बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. नाव ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापल्यावर हरकतीसाठीच चार महिने ठेवावे लागतात, कायद्यानेच. पंधरा दिवसांत मिळतो तो फक्त अर्जाचा नंबर.

मग त्यांनी माझी यादी घेतली आणि लाल पेन काढलं.

‘कोकण मेवा’ : कोकण हे ठिकाण, मेवा हा माल. ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ चं कलम ९. माल काय, कसा, कुठला एवढंच सांगणारा शब्द एकट्याला मिळत नाही, कारण तो बाकीच्यांनाही लागणार. ‘घरची भाजणी’चं तेच. मी म्हटलं, पण दुकानात तर असलीच नावं दिसतात. बाई म्हणाल्या, “दिसतात ना. एकाच दुकानात चार दिसतात. कोण कुणाला थांबवणार?” लग्न जुळवणाऱ्या शादी डॉट कॉमचं २०१६ चं प्रकरण त्यांनी सांगितलं. ‘शादी’ शब्द वापरणाऱ्या दुसऱ्या साइटला थांबवायला ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि कोर्टाने मनाई दिली नाही. एवढी जाहिरात करूनही शब्द शेवटी सगळ्यांचाच राहिला.

‘शिवराय’ : याला आणखीच वेगळं कारण. १९५० चा एक कायदा आहे, बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराबद्दलचा. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र धंद्यासाठी वापरायला बंदी आहे, महात्मा गांधींच्या जोडीने. म्हणजे त्या वाटेला जायचंच नाही. भावजींना हे सांगितल्यावर ते रस्त्यावरच्या पाट्या मोजायला लागले.

देवादिकांची नावं : मिळतात कधीकधी, पण लंगडी. बिहारमधल्या एका अगरबत्तीवाल्याचं ‘रामायण’ हे नाव सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. २०१५ मध्ये कोर्टाने सांगितलं, धर्मग्रंथाच्या नावावर एकाची मक्तेदारी नाही.

गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या मालाचं तर वेगळंच रजिस्टर आहे, चेन्नईला. सांगलीची हळद, मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, आपलं कोकम, हे सगळे भौगोलिक मानांकनवाले. ती नावं कुणाला आपला ट्रेडमार्क म्हणून घेता येत नाहीत.

यादीतलं एकही नाव उरलं नाही. निघताना बाई म्हणाल्या, “तुमच्या मालाशी ज्याचा थेट संबंध नाही असा शब्द आणा. ऐकल्यावर भाजणी आठवली नाही तरी चालेल.” परतीच्या एसटीत मला याचाच राग येत होता. जे नाव ऐकून गिऱ्हाइकाला माल कळेल तेच आपलं होणार नाही, आणि जे आपलं होईल ते आधी कुणाला कळणारच नाही!

६ जुलै, शनिवार

आज सगळी रजिस्टरं एका कागदावर मांडली. माझी समजूत होती की एका ठिकाणी नाव नोंदलं की झालं.

जीएसटीत ‘ट्रेड नेम’ला रकाना आहे. त्यात काहीही लिहा, ते नाव दुसऱ्या कुणाचं आहे का हे तिथे कुणी बघत नाही. उद्यमचं (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) तसंच, फुकट आणि दहा मिनिटांत. दुकान-आस्थापनेची सूचना (आपण अजून गुमास्ताच म्हणतो) : २०१७ च्या कायद्याने सध्या (२०२४) दहापेक्षा कमी माणसं असतील तर नुसती ऑनलाइन सूचना, पावती मिळते. अन्नसुरक्षेची साधी नोंदणी सध्या (२०२४) वर्षाला १०० रुपये, १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला. त्याचा १४ आकडी नंबर पाकिटावर लागतो, पण तो स्वच्छतेचा, नावाचा नाही.

कंपनी काढली असती तर कंपनी खात्याकडे नाव राखून ठेवता येतं. तिथे मात्र बघतात, आधीच्या कंपनीशी फार जुळत असेल तर नाही म्हणतात. तरी तिथे मिळालं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं नाही. कंपनी नोंदल्यावरही ट्रेडमार्कवाला येऊन नाव बदलायला लावू शकतो, त्याला तीन वर्षं मुदत असते.

आणि आमच्यासारख्या एकट्या मालकीच्या धंद्यांचं, बचत गटांचं, घरगुती मंडळींचं सगळ्यांचं मिळून असं एक रजिस्टर देशात कुठेच नाही. म्हणजे ‘नाव रिकामं आहे का’ याचं शिक्का मारलेलं उत्तर कुणीच देणार नाही. शोधून शोधून कंटाळा आला की थांबायचं, एवढंच.

१४ जुलै, रविवार

बाईंनी विचारलं होतं, ‘काकूंची भाजणी’ खरंच २०१० पासून वापरात असेल तर पुरावा काय? आपल्याकडे आधी वापरणाऱ्याचा हक्क आधी नोंदवणाऱ्यापेक्षा वरचढ ठरू शकतो, कलम ३४. फक्त दाखवावं लागतं. बिलं, जाहिरात, पावत्या, आणि त्याबरोबर प्रतिज्ञापत्र.

आईंची बिलबुकं होती. बाजारातल्या आमच्या जुन्या गाळ्यात, लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा ते कपाट आडवं होऊन तरंगत होतं. पाणी ओसरल्यावर चिखलातून काढली तेव्हा पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. आईंनी ती वीट आठ दिवस गच्चीवर वाळत ठेवली होती आणि मग स्वतःच बंबात घातली.

ताईकडे २०१६ चा एक फोटो निघाला, स्टेपलर मारलेल्या पिशवीचा. चिठ्ठीवर ‘थालीपीठ’ एवढंच. नाव कुठेच नाही. म्हणजे पूर आला नसता तरी हाती फार काही नव्हतं.

तर नाव नवं. आणि नव्या नावाला अर्जाची तारीख हीच जन्मतारीख, म्हणून घाई.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. पुन्हा बैठक, या वेळी फक्त स्वयंपाकघरातले शब्द.

माझा पहिला शब्द ‘वैल’. चुलीच्या शेजारचं ते भोक, जिथे मंद आचेवर आमटी गरम राहते. भाजणी अशीच मंद भाजतात. मला इतका आवडला की रात्री झोप लागली नाही. सकाळी ताईला फोनवर सांगितला. ती म्हणाली, “वेल? कसली वेल, दोडक्याची?” नंतर इंग्रजीत लिहून बघितलं. एका स्पेलिंगने अमेरिकेतलं बर्फाचं गाव होतं, दुसऱ्याने गळा काढून रडणं. मिटलं.

भाच्याने ‘उतरंड’ आणला. मडक्यावर मडकं, चित्र काय सुंदर होईल. भावजी पेपर खाली न ठेवताच म्हणाले, “हा शब्द हल्ली जातीच्या मागेच येतो. पिठावर छापणार?” बरोबर बोलले. पेपरवाल्यांनी चांगला शब्द कायमचा नेला.

मग आईच म्हणाल्या, “रोवळी.” त्या तेव्हा धान्य धूतच होत्या. तांदूळ, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, उडीद, सगळं आधी धुऊन बांबूच्या रोवळीत निथळतात, मग पंच्यावर सावलीत वाळवतात, आणि मग भाजणं. आमची रोवळी बुरुडाकडची, तळाला एक कामटी तुटलेली, तिथे सुतळीचा टाका. त्यांनी ती उचलून झटकली, माझ्या वहीवर पाणी उडालं. वरच्या ओळींवरचे डाग त्याचेच.

रोवळी म्हणजे पीठ नाही, मसाला नाही, गाव नाही, देव नाही. आणि उच्चार सरळ.

२ ऑगस्ट, शुक्रवार

उच्चार सरळ, पण फक्त आपल्याला.

ळ ला इंग्रजीत अक्षर नाही, एल वरच भागवायचं. मग रोवळी किती तऱ्हेने लिहिता येते ते बसून काढलं. व्ही की डब्ल्यू, मधे ए की काहीच नाही, शेवटी आय की डबल ई की वाय. अकरा स्पेलिंगं झाली. सगळी वर्ग ३० मध्ये टाकली, मग २९ आणि ३२ मध्ये, दुकानांसाठीच्या ३५ मध्येही. तंतोतंत कुणी नाही. उच्चाराच्या शोधात मात्र जवळपासची चार निघाली. तीन सोडून दिलेली. एक रजिस्टर्ड : गोळ्या-बिस्किटांसाठी, इंग्रजी अक्षरांत, मधला व नाहीच, आणि ळ च्या जागी ल. (नाव इथे लिहीत नाही.)

सोडून दिलेल्यांचा पण विचार केला. अर्ज सोडला म्हणजे धंदा सोडला असं नाही. माणूस त्याच नावाने माल विकत असेल तर नोंदणी नसतानाही तो कोर्टात जाऊ शकतो, माझ्या नावावर याने आपला माल खपवला म्हणून. त्या तिन्हींची नावं नकाशावर, ऑनलाइन दुकानांत, सगळीकडे टाकून बघितली. काही नाही.

ताईने फडके रोडच्या आसपासची सात दुकानं पायी केली. पिठांच्या रॅकचे फोटो काढून पाठवले. एका दुकानदाराने तिला विचारलं म्हणे, “फूड इन्स्पेक्टर आहात का?” ती नाही म्हणाली, तर त्याने चहा मागवला.

डॉट इन नाव मिळालं, लगेच घेतलं. डॉट कॉम कुणीतरी नुसतं धरून ठेवलंय, त्याचा नाद सोडला.

१८ ऑगस्ट, रविवार

दोन भानगडी.

एक, भाच्याने परवाच स्टेटसला टोपलीचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव टाकलं, ‘लवकरच येत आहोत’. अर्ज व्हायच्या आधी! ओरडले त्याला. त्याने काढलं, पण १४० जणांनी बघितलं होतं.

दुसरी नाजूक. अर्ज कुणाच्या नावाने? ट्रेडमार्क ही मालमत्ता आहे, विकता येते, वारसाला जाते. मी सहज म्हटलं, कागद मीच बघते तर माझ्या नावाने करू. फोनवर ताई एकदम गप्प झाली. ती गप्प बसली की ते वाईट असतं. मग माझं मलाच कळलं. भाजणी आईंची, शब्द आईंचा. अर्ज त्यांच्याच नावाने, पुढे लेखी करारावर वापरायचा हक्क आम्हाला. आई म्हणाल्या, “माझ्या नावावर आजवर गॅसचं कार्डसुद्धा नव्हतं.”

पुण्याच्या बर्गर किंगची बातमी सगळीकडे फिरतेय. गेल्या महिन्यात पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने अमेरिकन कंपनीचा दावा फेटाळला. पुण्यातलं हॉटेल १९९२ पासूनचं, कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान २०१४ चं. दावा २०११ चा. नवरा म्हणाला, बघ, जुन्याचा विजय. मी म्हटलं, तेरा वर्षं. आपल्याला तेरा महिने पण परवडायचे नाहीत.

२२ ऑगस्ट, गुरुवार

अर्ज गेले. टीएम-ए नावाचा फॉर्म, वकीलबाईंमार्फत ऑनलाइन, मुंबई कार्यालयाकडे. (अँटॉप हिलला, बौद्धिक संपदा भवन. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड सगळं तिथेच.)

दोन अर्ज केले, दोन्ही वर्ग ३० मध्ये. एक नुसत्या इंग्रजी अक्षरांचा, म्हणजे पुढे अक्षरांचं वळण, रंग काहीही बदलला तरी नाव आपलं. दुसरा देवनागरी ‘रोवळी’ आणि टोपलीच्या चित्राचा. ‘भाजणी’ शब्द दोन्हींत मुद्दाम नाही. चिन्हात घातला असता तरी त्या एका शब्दावर हक्क मिळत नाही, उगाच प्रश्न वाढतात. ‘प्रस्तावित वापर’ असं खरं ते लिहिलं. शब्दाची भाषा मराठी, अर्थ : धान्य निथळायची बांबूची टोपली.

खर्च : व्यक्तीला एका वर्गाला ४,५०० रुपये, दोन अर्जांचे ९,०००. मोठ्या कंपनीला याच्या दुप्पट. बाईंची फी वेगळी. २९ आणि ३२ चे वर्ग पुढच्या वर्षी, आगळ-आमसुलं खरोखर काढली तर. नुसतं धरून ठेवून पाच वर्षं वापरलं नाही तर तसंही कुणीतरी काढून टाकायला लावू शकतं.

पाकिटावर आजपासून ‘टीएम’ लावता येईल. वर्तुळातला आर नोंदणी झाल्याशिवाय लावायचा नाही, ते कायद्यात बसत नाही. भाच्याने डिझाइनमध्ये तोच घातला होता, “भारी दिसतो” म्हणून.

छापील पाउचसाठी सिलिंडर करावे लागतात, प्रत्येक रंगाला एक, तो खर्च आत्ता नको असं ठरलं. कोरी पाकिटं आणि वर स्टिकर. नाव हातचं गेलं तर स्टिकर फाडता येतो.

५ सप्टेंबर, गुरुवार

पहिली ३०० पाकिटं डोंबिवलीला रवाना, लग्झरीच्या डिकीतून. स्टिकरवर घटक इंग्रजीत पण लिहिले, नियमाने इंग्रजी किंवा हिंदी लागतंच, मराठी वाढीव. ‘कुळीथ’ला इंग्रजीत घोड्याचं कडधान्य म्हणतात हे आईंना सांगितलं नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

अर्ज सगळ्यांना दिसतो, त्यामुळे फोन सुरू. “मॅडम, आपके ट्रेडमार्क में प्रॉब्लम है.” दिवसाला दोन-तीन. एकाने तर सरकारी वाटेल असं पत्र मेल केलं, ‘प्रकाशन शुल्क’ म्हणून मोठी रक्कम. बाईंना विचारलं. जर्नलमध्ये छापायचे वेगळे पैसे नसतातच. तो मेल आईंनी उघडला असता तर त्यांनी मुकाट्याने भरले असते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

परीक्षण अहवाल आला. चित्राच्या अर्जाला काही नाही. इंग्रजी अक्षरांच्या अर्जावर आक्षेप, कलम ११ : आधीच्या चिन्हाशी उच्चाराने साम्य, गिऱ्हाइकाचा गोंधळ होण्याचा संभव. आणि पुढे दिलेलं चिन्ह तेच, गोळ्या-बिस्किटांचं, २ ऑगस्टला दिसलेलं. उत्तराला ३० दिवस. २०११ ची नोंद, म्हणून आशा होती की दहा वर्षांनंतर वाढवली नसेल. वाढवलीय, २०३१ पर्यंत.

४ डिसेंबर, बुधवार

बाईंबरोबर फोनवर तासभर. मी म्हणाले, रोवळीला अर्थ आहे, त्यांच्या शब्दाला दुसराच अर्थ आहे, एवढं बास नाही का? त्यांनी अमृतधाराचा निकाल सांगितला, सुप्रीम कोर्ट, १९६३ चा रिपोर्ट. एकाचं औषध ‘अमृतधारा’, दुसऱ्याचं ‘लक्ष्मणधारा’. आता अमृत कुठे आणि लक्ष्मण कुठे. पण कोर्ट म्हणालं, गिऱ्हाईक शब्द फोडून अर्थ लावत नाही. साधारण बुद्धीचा माणूस, अर्धवट आठवण, दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून बघत नाही. एकूण कानावर काय पडतं ते महत्त्वाचं. तरी तो लक्ष्मणधारावाला बरीच वर्षं उघडपणे विकत होता आणि अमृतधारावाल्यांनी चालू दिलं होतं, म्हणून उत्तर प्रदेशापुरती त्याला नोंदणी राहू दिली.

म्हणजे अर्थावर भर देऊन उपयोग नाही. मग आमच्याकडे काय उरतं? मधला व, ज्याने शब्द तीन अक्षरी होतो, त्यांचा दोनच. ळ. आणि माल : त्यांच्या गोळ्या शाळेबाहेरच्या टपरीवर, आमचं पीठ किराणा दुकानात, घेणारा वेगळा. बाईंनी सुचवलं की आपण आपला माल अर्जात आणखी आवळू. ‘पिठं आणि धान्याचे पदार्थ’ असं मोघम लिहिलं होतं, ते ‘भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ’ इतकं करू. मोघम लिहून मोठी जमीन मागितली म्हणून शेजारी जागा झाला.

दरम्यान, परवा मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्या हॉटेलला अपील निकाली निघेपर्यंत ‘बर्गर किंग’ नाव वापरायला मनाई केली. नवरा काही बोलला नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

उत्तर दाखल. सोबत रोवळीचा फोटो, सुतळीच्या टाक्यासकट. डोंबिवलीची बिलं पण जोडली. आता एकेक बिल स्कॅन होतं आणि तीन ठिकाणी ठेवलं जातं, त्यातलं एकही ठिकाण तळमजल्यावर नाही.

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

सुनावणी, व्हिडिओवर. सकाळपासून रांगेत, आपला नंबर आला तेव्हा मी पोळ्या करत होते. सहा-सात मिनिटं. अधिकाऱ्यांनी बाईंना विचारलं, शब्द उच्चारून दाखवा. बाई मूळच्या रत्नागिरीच्या, त्यांनी ळ असा काही लावला की मला हसूच आलं. मग अधिकाऱ्यांनी स्वतः एकदा म्हणून बघितला. त्यांनाही येत होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

स्वीकारलं. दोन्ही.

१० मार्च, सोमवार

शुक्रवारी सुप्रीम कोर्टाने बर्गर किंगच्या त्या मनाईला स्थगिती दिली. नवऱ्याने बातमी पाठवली, वर अंगठा.

२४ मार्च, सोमवार

ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी निघतं. आजच्यात दोन्ही छापून आली. आजपासून चार महिने, म्हणजे २४ जुलैपर्यंत, कुणीही हरकत घेऊ शकतो.

३ मे, शनिवार

काही नाही. आंब्याच्या गडबडीत कुणाला वेळ.

२५ जुलै, शुक्रवार

मुदत काल संपली. रात्री बारापर्यंत मी स्टेटस बघत होते, जणू कुणी पावणेबाराला येणार. हरकत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दोन्ही प्रमाणपत्रं आली. नोंदणी आजची नाही, अर्जाच्या तारखेपासून धरतात : २२ ऑगस्ट २०२४ ते २२ ऑगस्ट २०३४. दहा वर्षांनी पुन्हा पैसे भरून वाढवायची.

आईंनी प्रिंट हातात घेऊन आधी स्वतःचं नाव वाचलं, मग माझ्याकडून शब्दाचा अर्थ वाचून घेतला. म्हणाल्या, त्यात सुतळीचं लिहिलं नाही.

सिलिंडरची ऑर्डर दिली. तीन रंग.

१९ ऑगस्ट, मंगळवार

छपाईवाल्याकडून प्रूफ आलं. टोपली छान, रंग बरोबर, वर्तुळातला आर जागेवर, १४ आकडी नंबर तपासला.

मधोमध, बोटभर उंचीच्या अक्षरांत : ‘रोवली’.

फोन केला. तो म्हणाला, मॅडम, त्या फॉन्टमध्ये ळ नाहीये, पण सेमच वाटतंय ना?

परत पाठवलं.